‘ब्रॅकिडॅक्टिली’ म्हणजे नेमके कोणते हाड? आखूड बोटे पाहण्याची, मोजण्याची आणि पुढचे ठरवण्याची रीत

हाताच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर किंवा बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर ‘ब्रॅकिडॅक्टिली’ असा शब्द दिसला की घरातल्यांना हे काही गंभीर आजाराचे नाव असावे असे वाटू लागते. शब्द ग्रीक आहे. ‘ब्रॅकिस’ म्हणजे आखूड आणि ‘डॅक्टिलॉस’ म्हणजे बोट. हाताची किंवा पायाची बोटे जन्मतःच्या जडणघडणीमुळे आखूड आहेत, एवढेच तो सांगतो. ती का आखूड आहेत, पुढे काही त्रास होईल का, उपचार लागतील का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या एका शब्दात नसते. म्हणून या शब्दापाशी घाबरून थांबण्यापेक्षा एकच प्रश्न हाती धरावा: आखूड आहे ते नेमके कोणते हाड? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढच्या बहुतेक गोष्टी, म्हणजे कोणत्या तपासण्या करायच्या, कोणत्या टाळायच्या आणि कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, आपोआप मार्गी लागतात.

आधी बोट कुठून सुरू होते ते पाहू

आपल्याला बोट दिसते ते बेचकीपासून पुढे. हाडांच्या हिशेबात मात्र प्रत्येक बोटाची रांग मनगटापाशीच सुरू होते. मनगटाच्या पुढे तळहातात पाच लांब हाडे असतात, त्यांना मेटाकार्पल म्हणतात. त्यांच्यापुढे पेरांची हाडे असतात, अंगठ्यात दोन आणि उरलेल्या चार बोटांत प्रत्येकी तीन, म्हणजे एका हातात चौदा. पाच आणि चौदा मिळून एकोणीस लहान नळीदार हाडे झाली. यांपैकी एक किंवा अनेक हाडे कमी वाढली की बोट आखूड दिसते.

यातली गोम अशी की बोटाची तिन्ही पेरे अगदी व्यवस्थित असूनही बोट आखूड दिसू शकते, कारण कमी वाढलेले हाड तळहाताच्या आत दडलेले असते. पायाचेही तसेच आहे. पायाचे चौथे बोट आखूड आणि जरा वर उचललेले दिसते तेव्हा त्या बोटाची पेरे नव्हे, तर पावलातले लांब हाड, म्हणजे मेटाटार्सल, तोकडे असते असेच बहुधा आढळते. नुसत्या नजरेने ‘बोट आखूड’ म्हणणे आणि हाड ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट घरच्या घरीही बऱ्यापैकी साधता येते.

घरी पाहण्याची रीत

चांगल्या उजेडात दोन्ही तळहात वर करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. चारही बोटे जुळवून सरळ धरली असता करंगळीचे टोक अनामिकेच्या शेवटच्या सांध्यावरच्या रेषेपर्यंत साधारणपणे पोहोचते. ते स्पष्टपणे खाली राहत असेल तर करंगळीच्या रांगेत काहीतरी तोकडे आहे. मग करंगळीवरच्या आडव्या रेषा पाहाव्यात. मधले पेर आखूड असेल तर मधल्या आणि वरच्या सांध्याच्या रेषा एकमेकींच्या अगदी जवळ आलेल्या दिसतात. कधी तिथे एकच रेष असते. सांध्याची घडी पडतच नसेल तर कातडीवर रेषही उमटत नाही, त्यामुळे हरवलेली रेष ही आतला सांधा नीट घडलेला नसल्याची खूण असू शकते. या परीक्षेत एक मेख आहे. अनामिकाच आखूड असेल तर तिच्यावरून करंगळी मापणे फसवे ठरते, म्हणून पुढची परीक्षा वगळू नये.

आता हात उलटा करून घट्ट मूठ वळावी. मुठीवर चार उंचवटे दिसतात, ती मेटाकार्पल हाडांची टोके होत. अनामिकेचा किंवा करंगळीचा उंचवटा नाहीसा होऊन त्या जागी खळगा दिसत असेल तर कमतरता तळहातातल्या हाडात आहे. नीट कळत नसेल तर मधल्या बोटाच्या उंचवट्यापासून करंगळीच्या उंचवट्यापर्यंत पेन्सिल आडवी टेकवून पाहावी. एरवी उंचवटे हलक्या उताराने खाली येतात, पण एखादे हाड तोकडे असले की पेन्सिलीखाली तेवढ्याच जागी फट राहते. गुटगुटीत लहान मुलाच्या मुठीवर तसेही खळगेच असतात, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या मुलाबाबत या परीक्षेवर फार विसंबू नये.

अंगठा स्वतंत्रपणे पाहावा. टोकाचे पेर आखूड आणि पसरट, आणि नख लांबीपेक्षा रुंदीला जास्त, असे दिसले तर ते नजरेतच भरते. दोन्ही अंगठे सारखे असतीलच असे नाही. एकाच हाताचा अंगठा असा असणे पुष्कळदा आढळते. नखांकडेही लक्ष द्यावे, कारण नख अगदी लहान असणे किंवा नसणेच ही टोकाच्या पेराची खूण आहे. शेवटी पायांची बोटे, आणि त्यानंतर छातीच्या दोन्ही बाजू. छातीचा बोटांशी काय संबंध, असे वाटेल. त्याचा उलगडा पुढे येईल.

मोजताना काय सांभाळावे

माप तळहाताच्या बाजूने घ्यावे. मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या रेषेपासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, नख सोडून, हे एक माप. आणि मनगटावरच्या, तळहाताला लागून असलेल्या रेषेपासून त्याच टोकापर्यंतचे अंतर हे दुसरे. पहिल्याला दुसऱ्याने भागले की बोट आणि हात यांचे प्रमाण मिळते, आणि ते साधारणपणे ४३ टक्क्यांच्या आसपास असते. हात १५० मिलिमीटर आणि मधले बोट ६४ मिलिमीटर असेल तर प्रमाण नेहमीचेच आहे; तेच बोट ५४ मिलिमीटर भरले तर प्रमाण ३६ टक्क्यांवर येते आणि बोट हाताच्या मानाने खरोखर आखूड आहे असे म्हणता येते. उलट तळहात आणि बोटे दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान असतील तर हा आकडा बिघडत नाही. तो हातच लहान असतो, आणि डॉक्टर वयानुरूप तक्त्यांवर माप ठेवून ते ठरवतात. या तक्त्यांत तिसऱ्या शतमकाच्या खाली येणारे, म्हणजे त्याच वयाच्या शंभरांतल्या सर्वांत लहान तिघांत मोडणारे, माप कमी समजले जाते.

कागदावर हाताची रूपरेषा काढून ठेवणे फार उपयोगी पडते, मात्र पेन्सिल अगदी उभी धरावी. ती तिरकी झाली की बोट जाड आणि बेचकी उथळ उमटते. कागदावर तारीख, वय आणि उजवा की डावा हे लिहावे. वाढत्या मुलाची अशी रूपरेषा वर्षातून एकदा काढली तर फरक वाढतो आहे की तेवढाच आहे हे कळते. आणि हे कळणे महत्त्वाचे आहे, कारण काही प्रकारांत हाड जन्माच्या वेळी ठीक असते, पण त्याच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा वेळेआधी बंद होते आणि आखूडपणा काही वर्षांनी उघड होतो. ‘जन्मतः बोटे चांगली होती, मग हे जन्मजात कसे?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की आराखडा जन्मजात असतो, दिसायला तो उशिरा लागतो.

रिपोर्टमधले शब्द सोडवण्याची युक्ती

रिपोर्टमधली लांबलचक नावे तुकडे पाडून वाचली की भीती उरत नाही. ‘फॅलँक्स’ म्हणजे पेराचे हाड. ‘मेसो’ म्हणजे मधले, ‘टेलो’ म्हणजे टोकाचे, ‘बेसो’ म्हणजे मुळाकडचे. म्हणजे ‘ब्रॅकिमेसोफॅलँजी’ हे मधले पेर आखूड, ‘ब्रॅकिटेलोफॅलँजी’ हे टोकाचे पेर आखूड, ‘ब्रॅकिमेटाकार्पिया’ हे तळहातातले हाड आखूड, आणि ‘ब्रॅकिमेटाटार्सिया’ हे पावलातले. ‘क्लिनोडॅक्टिली’ म्हणजे बोट बाजूला वाकलेले, ‘सिंडॅक्टिली’ म्हणजे दोन बोटे जोडलेली, ‘सिम्फॅलँजिझम’ म्हणजे एकाच बोटातली दोन पेरे सांध्याविना एक झालेली. हे शब्द अनेकदा एकत्र येतात, कारण मधले पेर आखूड झाले की ते चौकोनी न राहता पाचरीसारखे होते आणि बोट त्या बाजूला झुकते.

‘सिम्ब्रॅकिडॅक्टिली’ हा शब्द मात्र जपून वाचावा. नाव सारखे वाटले तरी प्रकरण निराळे आहे. हा दोष बहुतेक वेळा एकाच हातात असतो, बोटे आखूड, कधी जोडलेली, कधी नुसत्या गोळ्यासारखी असतात, आणि घराण्यात तो सहसा चालत येत नाही. छाती पाहायला सांगितली ती यासाठी. अशा हाताच्या बाजूला छातीचा मोठा स्नायू अर्धवट किंवा मुळीच नसेल तर काखेची पुढची घडी सपाट दिसते, आणि या जोडीला पोलंड सिंड्रोम म्हणतात. याचा देशाशी संबंध नाही. १८४१ साली त्याचे वर्णन करणाऱ्या आल्फ्रेड पोलंड यांचे हे आडनाव आहे.

प्रकारांची अक्षरे

ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ ज्युलिया बेल यांनी १९५१ साली अनेक कुटुंबांच्या नोंदी तपासून ए ते ई असे प्रकार पाडले, आणि आजही रिपोर्टमध्ये हीच अक्षरे येतात. ही वाटणीही ‘कोणते हाड’ याच प्रश्नावर उभी आहे. ‘ए’ म्हणजे मधली पेरे. त्यातला ए-१ सर्व बोटांना धरतो, ए-२ मुख्यतः तर्जनीला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाला, ए-३ फक्त करंगळीला. ‘बी’ मध्ये टोकाची पेरे आणि नखे अपुरी किंवा गायब असतात. ‘सी’ मध्ये तर्जनी, मधले बोट आणि करंगळी यांची मधली पेरे तोकडी, पण अनामिका बचावलेली, त्यामुळे तीच सर्वांत लांब दिसते. अनामिका अशी उठून दिसली की ‘सी’ आठवावा. ‘डी’ म्हणजे वर सांगितलेला पसरट अंगठा. ‘ई’ म्हणजे मेटाकार्पल, कधी त्यांच्यासोबत टोकाची पेरे.

यांपैकी ए-३ आणि डी हे सर्रास आढळतात. काही लोकसमूहांत त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे. बाकीचे विरळ. म्हणून रिपोर्टवर ए-३ किंवा डी असेल, दुसरे काहीही वावगे नसेल आणि हाताचे काम अडत नसेल, तर पुढील तपासण्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही असे माझे स्पष्ट मत आहे. करंगळी थोडी तोकडी असणे हे नाक थोडे बसके असण्यासारखे आहे. फक्त बाळाच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. आखूड, आत झुकलेली करंगळी डाऊन सिंड्रोममध्येही दिसते, पण तिथे ती एकटी नसते. स्नायूंचा सैलपणा, चेहऱ्याची ठेवण अशा इतर खुणा सोबत असतात. एकट्या करंगळीवरून तसा निष्कर्ष काढू नये.

ज्या अक्षरापाशी थांबून चौकशी करायची ते ‘ई’

मुठीवर खळगा पडतो त्या माणसाने मात्र हा भाग सावकाश वाचावा. मेटाकार्पल आखूड असणे हे पुष्कळदा एकटेच असते आणि निरुपद्रवी असते, पण शरीरातल्या दुसऱ्या गोष्टींची चाहूलही त्यातून लागू शकते.

पहिली गोष्ट कॅल्शियमची. स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम या विकारात पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक भरपूर तयार करते, पण शरीर त्याला दाद देत नाही. रक्तात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि संप्रेरकही जास्त, असे चित्र दिसते. उंची कमी, चेहरा गोल, चौथे-पाचवे मेटाकार्पल आखूड, कातडीखाली हाडासारख्या कठीण गाठी, हातापायांना मुंग्या, गोळे येणे आणि कधी फिट, अशा खुणा असतील तर रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड संप्रेरक, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. गंमत अशी की त्याच जनुकातला, म्हणजे जीएनएएसमधला, बिघाड आईकडून आला तर संप्रेरकाचा त्रास होतो, आणि वडिलांकडून आला तर हात तसेच दिसतात पण रक्त ठीक राहते. या दुसऱ्या प्रकाराला वैद्यकाने ‘स्यूडो-स्यूडो’ असे दुहेरी नाव दिले आहे. रिपोर्टमध्ये ते दोनदा छापलेले दिसले तर ती टंकलेखनाची चूक समजू नये.

दुसरी गोष्ट मुलींच्या बाबतीतली. चौथे मेटाकार्पल आखूड, उंची मागे पडलेली, वयात येण्यास उशीर, मानेची कातडी पंखासारखी पसरलेली किंवा जन्माच्या वेळी हातापायांवर सूज असल्याची आठवण, हे जुळत असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी करावी. यात दुसरे एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. निदान लवकर झाले तर वाढीचे उपचार वेळेवर सुरू होतात आणि हृदयाची तपासणीही राहून जात नाही.

तिसरी गोष्ट रक्तदाबाची आणि ती सर्वांत सोपी आहे. ‘ई’ प्रकारच्या बोटांबरोबर तरुणपणीच तीव्र रक्तदाब चालत येणारे घराणे तुर्कस्तानात १९७३ साली नोंदले गेले, आणि त्यामागचे पीडीई-३ए हे जनुक २०१५ साली सापडले. हा विकार फार दुर्मीळ आहे. तरीही घरात बोटे अशी आहेत आणि कमी वयात पक्षाघात झालेले कुणी आहे, असे दोन्ही असेल तर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला किती वेळ लागतो? तेवढे करावे.

घराण्याचा आराखडा

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन पिढ्यांचा आराखडा कागदावर काढावा. मुलाची भावंडे, आईवडील, काका, मामा, आत्या, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि प्रत्येकापुढे हात, पाय, उंची यांविषयी एक ओळ. ऐकीव माहितीवर भागवू नये. शक्य तिथे हात प्रत्यक्ष पाहावेत किंवा मुठीचा फोटो मागवावा. ‘आमच्याकडे कुणाला नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या वडिलांचाच अंगठा पसरट निघणे यात नवल काही नाही, कारण ज्याने कधी त्रास दिला नाही ते माणूस पाहतच नाही.

एकटी असणारी ब्रॅकिडॅक्टिली बहुतांशी प्रभावी पद्धतीने चालत येते. म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून बदललेली एक प्रत मिळाली तरी पुरते, आणि बाधित व्यक्तीच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. माणसातला एखादा गुण मेंडेलच्या नियमाने चालतो हे प्रथम दाखवले गेले ते याच बोटांवरून: विल्यम फॅराबी यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका घराण्याचा अभ्यास करून १९०३ साली हार्वर्डमध्ये प्रबंध सादर केला. त्या ए-१ प्रकाराचे आयएचएच हे जनुक मात्र २००१ साली हाती लागले. असे असले तरी एकाच घरात एकाची बोटे ठळक आखूड आणि दुसऱ्याची जेमतेम, असे घडते. काहींत बदललेले जनुक असूनही हात नेहमीसारखाच दिसतो. जनुकांची तपासणी सर्वांना लागत नाही. आखूडपणा अनेक बोटांत असेल, इतर अवयवांतही काही असेल किंवा पुढच्या अपत्याचा विचार करायचा असेल तर जेनेटिक काउन्सेलरचा सल्ला घेऊन ती करावी.

एक्स-रे मागताना

दोन्ही हातांचा, समोरून, एकाच फिल्मवर एक्स-रे घ्यावा, कारण तुलना हाच या तपासणीचा प्राण आहे. पायाची बोटे आखूड असतील तर पावलांचाही. हाताच्या एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याहूनही कमी असतो, त्यामुळे त्या भीतीने तो टाळू नये; दर सहा महिन्यांनी विनाकारण काढूही नये. फिल्म हाती आली की चौथ्या आणि पाचव्या मेटाकार्पलच्या टोकांना स्पर्श करणारी सरळ रेष डॉक्टर ओढतात. एरवी ती तिसऱ्याच्या टोकाच्या पुढून जाते. तिने तिसऱ्याचे टोक छेदले तर चौथे हाड आखूड आहे. गुंतागुंतीच्या हातात एकोणीसही हाडे मोजून वयाच्या सरासरीशी ताडतात आणि त्याचा आलेख काढतात. कोणती हाडे किती मागे आहेत याची ठेवण त्यात उमटते आणि सिंड्रोम ओळखायला तिचा आधार होतो.

उपचार कधी आणि कोणते

बोट लांब करणारे औषध, तेल किंवा व्यायाम नाही. कुणी तसे सांगत असेल तर पैसे वाचवावेत. हात पकडतो, चिमटीत धरतो, बटण लावतो, लिहितो, तर बहुतेकांना उपचारांची गरजच नसते. पकड अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट पेन्सिल जाड करणे, कात्रीची पकड बदलणे असे साधे उपाय सुचवतात, आणि मुले ते पटकन उचलतात. किंबहुना पुष्कळ मुले आपली पद्धत आधीच शोधून बसलेली असतात आणि मोठ्यांनी ती ‘सुधारायला’ जाणे हाच त्यांचा खरा त्रास असतो.

शस्त्रक्रियेचा विचार हाताचे काम सुधारण्यासाठी करावा. मेटाकार्पल किंवा मेटाटार्सल लांब करताना हाड कापून बाहेरून चौकट बसवतात, काही दिवस थांबतात आणि मग दोन टोके रोज अर्धा ते एक मिलिमीटर याप्रमाणे दूर नेतात. मधल्या फटीत नवे हाड भरते. एक सेंटिमीटर मिळवायला दहा ते वीस दिवस ओढण्याचे, आणि त्यानंतर ते हाड पक्के होईपर्यंत चौकट कित्येक आठवडे तशीच. सांधा आखडणे, पिनांच्या जागी जंतुसंसर्ग होणे, हाड वाकडे जुळणे हे धोके असतात. म्हणून सर्जनला ‘किती मिलिमीटर मिळतील?’ यापेक्षा ‘सांधा आज वळतो तेवढा नंतर वळेल का?’ हे आधी विचारावे. लांब पण ताठ बोटापेक्षा आखूड पण वळणारे बोट कितीतरी जास्त कामाचे असते. सिम्ब्रॅकिडॅक्टिलीचे गणित वेगळे आहे. तिथे पायाच्या बोटाचे पेर हातात बसवण्यासारख्या शस्त्रक्रिया लहान वयातच केलेल्या बऱ्या, त्यामुळे अशा बाळाला पहिल्या काही महिन्यांतच हाताच्या सर्जनला दाखवावे.

पायाच्या आखूड बोटाला बहुधा बुटाचाच उपाय लागतो. वर उचललेले बोट बुटाच्या छताला घासून तिथे घट्टा पडत असेल तर पुढून रुंद आणि उंच असा बूट घ्यावा, आणि तो पायात घालून उभे राहून पाहावा, कारण बसलेल्या पायाचे माप उभ्या पायाला कमी पडते.